लिंबाजवळची पोकळ जागा

घण भिंतीवर आदळला आणि तसाच उसळून मागे आला. मिस्त्रीच्या दोन्ही खांद्यांत कळ गेली. भिंतीवर मात्र नखाने खाजवल्यासारखा एक पांढरा ओरखडा उठला, बस्स. त्याने पुन्हा घण उगारला. दुसरा घाव, तिसरा, चौथा. पाचव्याला ब्लॉकचा एक टवका उडाला आणि थेट त्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरायला लागलं.

"अहो, फाटक तोडा ना!" शेजारच्या शिवणकामवाल्या बाई ओरडल्या. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. "भिंत कसली फोडताय?"

"फाटक नाही तुटायचं. मीच बसवलंय ते."

"मग चढून तरी जा!"

"वर काचा आहेत."

त्या काचाही त्यानेच लावल्या होत्या. बाटल्या फोडून, टोकं वर करून, ओल्या सिमेंटमध्ये एकेक काच हाताने रोवली होती. सात फूट उंचीची ती भिंत तिन्ही बाजूंनी अंगणाला धरून होती, चौथ्या बाजूला घर, आणि घराचं पुढचं दारही लोखंडी, आतून लावलेलं. अर्ध्या तासापूर्वी आतून त्याच्या लेकीच्या किंकाळ्या येत होत्या. आता येत नव्हत्या. म्हणून तर बाईंनी फोन केला होता.

"मिस्त्री, तुमच्या मुलीचा आवाज थांबलाय," एवढंच त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "पोलिसांना दोनदा सांगितलं, येतो म्हणतात. तुम्ही या."

तो चार गल्ल्या पलीकडे दुसऱ्या एका अंगणाची भिंत बांधत होता. करणी मालात तशीच उभी सोडून, हाताला लागला तो घण स्कूटरवर आडवा टाकून तो निघाला होता. ऐन दुपार होती. लोक दारं लोटून जेवायला बसले होते.

आसपासच्या वस्तीत त्याला ठोके मिस्त्री म्हणत. नावाला कारण होतं. भिंत पुरी झाली की तो करणीच्या दांड्याने एकेक ब्लॉक ठोकत, कान लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा. भरलेला ब्लॉक ठस्स वाजतो, पोकळ ठण्ण. इतर गवंडी ब्लॉकमधली सळई असलेली तेवढीच भोकं काँक्रीटने भरतात आणि बाकीची देवाच्या भरवशावर सोडतात. हा सगळी भरायचा. घरमालक वैतागायचे, मजूर तर मनातल्या मनात शिव्या घालायचे, पण हा हटायचा नाही. "माझी भिंत पडली असं कुणी सांगितलं तर मिशी काढीन," म्हणायचा. मिशी चांगली झुपकेदार होती आणि अठ्ठावीस वर्षं शाबूत होती.

लेक लहान होती तेव्हा तिला घरी ठेवायला कुणी नव्हतं. आई लवकर गेलेली. मग ती कामावर यायची, वाळूच्या ढिगावर बसायची आणि डब्यातला चमचा घेऊन बापाच्या मागे मागे ब्लॉक ठोकत फिरायची. "बाबा, हा उपाशी आहे," पोकळ ब्लॉकपाशी थांबून ती सांगायची. तिचा कान बापापेक्षा तिखट होता. मजूर गमतीने तिला साहेबीण म्हणायचे आणि ती तपासायला आली की खरंच जरा सावरून उभे राहायचे.

आणि तिच्याच घराला त्याने ही भिंत घातली होती. जावयाचं मालमोटारींचं गॅरेज होतं, बोलायला गोड माणूस. आधी पाच फूट म्हणाला, मग सहा, मग सात.

"चोऱ्या फार वाढल्यात, मामा. तुम्ही बांधणार म्हणजे काळजीच नाही. अशी बांधा, ट्रक धडकला तरी हलता कामा नये."

सासऱ्याची छाती फुगली. जावयाने कामाची कदर केली! दोन सळयांच्या जागी त्याने तीन टाकल्या. मागचं छोटं दार जावयाने बुजवायला सांगितलं, तेही त्याने बुजवलं, वर हसून म्हणाला, "आता मुंगीसुद्धा विचारून आत येईल." मुंगी आत येईल की कुणी बाहेर पडू शकणार नाही, हा विचार त्या शहाण्याच्या डोक्यात आला नाही.

सहावा, सातवा, आठवा घाव. इथे, फाटकाच्या शेजारी, भिंत सर्वांत मजबूत होती. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण रागाने आणि भीतीने त्याची अक्कल गहाण पडली होती. समोर आलं त्यावर तो घण घालत होता आणि त्याचीच भिंत त्याला दाद देत नव्हती. तो रडतोय हे त्याला कळलंसुद्धा नाही.

"जावईबापू!" तो ओरडला. "दार उघडा! नाहीतर जीव घेईन!"

"घरचा मामला आहे, मामा," आतून आवाज आला. धाप लागलेला, पण गोडच. "उगाच तमाशा करू नका. घरी जा."

आणि मग एक धपका ऐकू आला. लाथ मांसात बसते तेव्हा येतो तसा. त्यापाठोपाठ एक बारीक हुंकार. म्हणजे ती जिवंत होती.

मिस्त्रीने घण उचलला. तेवढ्यात त्याच्या कानावर काहीतरी आलं. भिंतीच्या आतून, उजव्या हाताला, बरंच लांबून.

ठण्ण.

तो थांबला. बाई काही बोलायला गेल्या, त्याने हात करून त्यांना गप्प केलं.

ठण्ण. ठण्ण.

चमचा. लिंबाच्या झाडाजवळ, कपडे धुवायच्या दगडामागे. ती जागा तो कशी विसरला होता? ती तर त्याला वर्षभर झोपू देत नव्हती.

अठ्ठावीस वर्षांतली ती एकच चूक. काँक्रीट ओतायचा दिवस होता. बादल्या घेऊन तो भोकं भरत लिंबापर्यंत आला आणि लेक चहा घेऊन आली. कडक ऊन, आणि तिने बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. कप देताना बाही सरकली. मनगटाच्या वर तीन गोल डाग होते, पिकलेले, बोटाच्या टोकाएवढे.

"हे काय गं?"

"गरम पाणी सांडलं, बाबा."

पाणी असं गोल गोल सांडत नाही, एवढं कळायला मिस्त्री असावं लागत नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. घरातून जावयाची हाक आली आणि ती गेली. तो पुन्हा कामाला लागला, पण हात एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. तिथली सहा भोकं न भरताच त्याने वरचा थर चढवला. दुसऱ्या दिवशी ठोकत चालताना ठण्ण वाजलं तेव्हा वर काचासुद्धा रोवून झाल्या होत्या. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. भिंतीतल्या पोकळीबद्दलही नाही आणि डागांबद्दलही नाही. खरं सांगायचं तर त्या वर्षभरात त्याला भिंतीचीच लाज जास्त वाटत राहिली. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

तो लिंबाच्या दिशेने धावला.

पहिल्याच घावाला ब्लॉक आत खचला. दुसऱ्याला त्याचे तुकडे झाले. तिसऱ्या, चौथ्या घावाला शेजारचा ब्लॉक गेला आणि मधल्या सळया उघड्या पडून थरथरायला लागल्या. भगदाडातून लिंबाचं खोड दिसलं, आणि त्याच्या बुंध्याशी एक पाय. पायात चप्पल नव्हती. टाच रक्ताने माखलेली होती.

अडकलेला तुकडा ओढायला त्याने उजवा हात आत घातला, आणि आतून पहार खाली आली.

बोटं मोडल्याचा आवाज त्याने ऐकला. वाळलेल्या काटक्या पायाखाली याव्यात तसा. तो गुरासारखा ओरडला. पहार पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली, पण या खेपेला त्याने डाव्या हाताने ती धरली आणि सगळा भार टाकून बाहेर ओढली. जावयाने पहार सोडली नाही. गॅरेजवाल्याची पकड घट्ट. पहारीबरोबर तोच ओढला गेला आणि त्याचं तोंड भगदाडात आलं.

मिस्त्रीने पहार सोडली आणि त्याची गचांडी धरली. मग त्याचं डोकं ब्लॉकच्या फुटक्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. नाक फुटलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा त्याचे दोन दात मिस्त्रीच्या मनगटावर पडले. "पाणी सांडलं!" तो प्रत्येक वेळी ओरडत होता. "गरम पाणी सांडलं!" मागे उभ्या असलेल्या बाईंना त्याचा काही अर्थ लागला नाही. पण त्यांनी त्याला अडवलंही नाही.

जावई आतल्या आत कोसळला. मिस्त्रीने डाव्या हाताने घण घालून खालचा ब्लॉक पाडला, दोन सळयांच्या मधून अंग घातलं आणि आत शिरला. सळईने पाठ सोलली. जावई कपडे धुवायच्या दगडाशी कुशीवर पडून तोंडातलं रक्त थुंकत होता.

"मामा..." तो म्हणाला. आता आवाजात गोडवा नव्हता. "मामा, नको."

मिस्त्रीने एका हाताने घण डोक्यावर उचलला. तेवढ्या वजनाला खाली येताना माणसाची मदत लागत नाही. फक्त सोडायचा अवकाश होता.

ठण्ण.

त्याने मान वळवली. भिंत फुटलीय हे तिला कळलंच नव्हतं. ती लिंबाच्या बुंध्याशी आडवी पडली होती, एक डोळा सुजून बंद, दुसरा उघडा असून कुठेच न बघणारा. ओठ फाटून हनुवटीपर्यंत लोंबत होता. आणि भगदाडाखाली उरलेल्या ब्लॉकवर ती चमच्याने ठोकत होती, सावकाश, न थांबता.

त्याच्याजवळ एकच हात उरला होता. त्यात घण तरी मावला असता, नाहीतर लेक. त्याने घण बाजूला टाकला.

"साहेबीण," तो तिच्याजवळ बसत म्हणाला. "बास झालं. ऐकू आलं मला."

बाहेर काढताना ब्लॉकच्या फुटक्या कडा तिला लागतील म्हणून त्याने आपला शर्ट काढून भगदाडाच्या तळाशी अंथरला. पलीकडून बाईंनी तिच्या काखेत हात घातले. "ये बाळा, ये, हळू," म्हणत त्यांनी तिला ओढून घेतलं आणि भर रस्त्यावर मांडी घालून तिचं डोकं मांडीवर घेतलं.

पोलीस आले तेव्हा सगळं उरकलं होतं. एकाने भगदाडातून आत वाकून पाहिलं, जावयाचं तोंड पाहून क्षणभर डोळे मिटले आणि बाईंना विचारलं, "याला कुणी मारलं?"

"मला काय दिसणार, साहेब?" बाई म्हणाल्या. मोजपट्टी अजून गळ्यातच होती. "केवढी उंच भिंत आहे बघा ना. दोन वर्षं ती पोरगी ओरडत होती, तेव्हाही कुणाला काही दिसलं नाही."

त्या 'कुणाला'मध्ये त्या स्वतःही होत्या.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला तिच्या खाटेजवळ बसू दिलं. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. बोटं वाचली, पण मिटणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती, त्या डोळ्याचं काय ते अजून कुणी सांगत नव्हतं. चमचा तिच्या मुठीतच होता. आणलं तेव्हापासून नर्सने दोनदा काढून घ्यायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला.

"पहिल्याच आठवड्यात सापडली होती मला ती जागा," ती म्हणाली. ओठाला टाके होते, शब्द एका बाजूने येत होते. "तो गॅरेजला गेला की मी भिंत ठोकत फिरायची. दुसरं करणार काय? सगळी भिंत ठस्स. तेवढीच जागा ठण्ण. मला एवढं हसू आलं, बाबा."

त्याने डाव्या हाताने तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"मला कळलं, तुम्ही मुद्दाम ठेवलीत. माझ्यासाठी. रोज जाऊन एकदा वाजवून बघायची मी. म्हणायची, बाबांना माहीत आहे. येतील."

हो म्हणणं किती सोपं होतं. शब्द ओठांवर तयार होता. पण ती एक जागा सोडली तर आयुष्यभर त्याने कुणाला पोकळ ब्लॉक भरीव म्हणून विकला नव्हता.

"नाही गं," तो म्हणाला. "विसरलो होतो मी. तुझा हात पाहिला आणि कामावरून लक्ष उडालं. चूक होती ती."

ती उघड्या डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे हात पाहिला होतात."

"पाहिला होता."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंत, हे मला दिसलं होतं. म्हणूनच तर वाटलं, मुद्दाम ठेवलीत."

बाहेर कुणीतरी बादली सरकवत फरशी पुसत होतं. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मूठ सैल सोडली. चमचा चादरीवर घसरला, तिथून खाली फरशीवर पडला.

मिस्त्री वाकला. सवयीने प्लास्टरचा हात पुढे गेला, मग त्याने तो मागे घेतला आणि डाव्या हाताने चमचा उचलला. डाव्या हाताला सवय नव्हती. त्याने तो शर्टाला पुसला आणि ती मान वळवेल तेव्हा हाताशी असावा म्हणून धरून बसून राहिला.