उंटाचं कार्ड

त्र्याऐंशी साल... कार्डाचा कोपरा चघळून चघळून मऊ पडला होता, पुठ्ठ्याचे पदर सुटले होते आणि उंटाच्या मागच्या पायावर बारीक दातांच्या खुणा होत्या. तिनं तो कोपरा बाहीला पुसला आणि कार्ड गठ्ठ्यात सरकवलं. चाळीस कार्डं. बुटांची खोकी कापून, चित्रं चिकटवून, खाली लाल शाईनं एकेक शब्द — कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, दिवसातून तीनदा दाखवा, मूल कंटाळायच्या आत थांबा. हे शेवटचंही वाचलं होतं, नक्की वाचलं होतं.

कारण मुलगी सतरा महिन्यांची झाली तरी बोलत नव्हती. नणंदेचा मुलगा त्या वयात गाणी म्हणायचा. "आमच्या घरात मुकं कुणी नाही हं," नणंद हसत म्हणाली होती, आणि नवऱ्यानं वर्तमानपत्र जरा उंच धरलं होतं.

त्या सकाळी नणंद आलेली होती. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाकू दुरुस्त केलेले कपडे द्यायला म्हणून येऊन बसल्या होत्या. तेवढ्यात मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून डुलत आली, दोन्ही हात वर. "उतू."

चार दिवस हेच चाललं होतं. तिनं झटकन कार्ड काढलं. "उंट. बघा वन्सं, उंट म्हणतेय."

मुलीनं कार्डाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हात वरच. "उतू."

"अगं, कसला उंट घेऊन बसलीस?" शिवणकाकू म्हणाल्या. "कडेवर घेताना तूच नाही का म्हणायचीस, उचलू तुला, उचलू तुला? तेच मागतेय पोर."

"म्हणजे पुन्हा शून्यच," नणंद म्हणाली.

आणि तिला कळलं. सगळंच — कार्डं येण्याआधीचे ते दिवस, पोळपाट तसाच टाकून वाकणं, त्या दोन शब्दांनंतर मानेशी येणारा तो ओला श्वास... आणि गेल्या चार दिवसांत, हात वर केले की समोर येणारा पुठ्ठा. कळलं, हे मी आज कबूल करते. न कळून केलं असतं तर बरं झालं असतं.

"नाही काकू," मी म्हणाले, "उंटच म्हणतेय ती." आणि कार्ड आणखी जवळ धरलं.

मुलीनं एक हात खाली घेतला. मग दुसरा. आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "उंट."

नणंदेनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

महिन्याभरात तीस शब्द झाले, चौथ्या वर्षी ती वाचू लागली. 'उतू' मात्र पुन्हा कधी ऐकू आलं नाही. शिवणकाकू लेकाकडे राहायला गेल्या, तिकडेच वारल्या. इथून जाताना माझ्याशी नीट बोलल्या, तो विषय काढला नाही. नणंद ही हकिगत शेवटपर्यंत कौतुकानं सांगायची. तिचा गाणारा मुलगा ट्रक चालवतो, फारसा बोलत नाही, सुखात आहे. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली.

मुलगी कोर्टात दुभाषी आहे. दुसऱ्यांचं म्हणणं एकही शब्द न चुकवता सांगते, असं तिचं नाव आहे. दर रविवारी फोन करते. "तुला काही हवंय का?" मी विचारते. "काही नको गं. तुला?" "मलाही काही नको." इतकी वर्षं मला वाटायचं, हे 'नको' ती माझ्यावर रागावून म्हणते. हल्ली वाटतं, रागावली असती तर... पण तिला आठवतच नसणार. आठवायला या घरात मी एकटीच उरले आहे, आणि तिला सांगावं तर कुठल्या शब्दांत, हे मला येत नाही.