एका मापट्याची आग

आचऱ्यात सेलेस्तीनबायकडची दोनशे ब्रॉयलर कोंबड्यांची प्रत्येक खेप बारा वर्षं तिच्याच हातचं खात होती. कोंडा, कणी, खोबऱ्याची पेंड, सुक्या मासळीचं कूट. अंदाज तिचा, ढवळणं तिचं. पाखरू मेलं तर दोष हवेचा. सून वेनेसा कुडाळला कुक्कुटपालन शिकून आली आणि म्हणू लागली, पक्षी वजनाला उशिरा भरतात, खाण्यातून ऊर्जा मिळत नाही, कारखान्याची पिशवी आणू या.

सासूने ऊर्जा दाखव म्हटल्यावर वेनेसाने समजावलं. खाणं जाळायचं, उष्णता बघायची. मग तेवढंच खाऊन कोंबडीने टाकलेली शीट वाळवून जाळायची. वजाबाकी करून उरते ती उष्णता कोंबडीच्या अंगात. हे प्रयोगशाळेत यंत्राने करतात, असंही ती म्हणाली, पण सासू तोवर चुलीकडे निघाली होती. जाळायला यंत्र लागतं, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं.

पैज तिनेच लावली. हरेल तिने खाण्याचं मापटं सोडायचं.

दोन पिंजऱ्यांत तीन-तीन कोंबड्या, खाली पत्रे. एकीकडे सासूचं एक मापटं, दुसरीकडे पिशवीतलं. शीट चार दिवस उन्हात. घरधनी कायतान ते चार दिवस अंगणाकडे पाठ करून जेवला.

पाचव्या दिवशी दोन चुली, दोन टोपं, सारखं पाणी. वेळ बघायला कायतान. त्याने रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालायचं घड्याळ घातलं होतं, म्हणजे खोटं बोलायची सोय नव्हती. आधी दोन्ही खाणी जाळली, पाणी बरोबरीने उकळलं. मग टोपांत गार पाणी भरून दोन्हीकडची शीट पेटवली. वेनेसाचं पाणी कोमट होऊन बसलं. सासूचं खळखळलं, उतू गेलं.

सेलेस्तीनबायने तोऱ्यात त्यात चहापत्ती टाकली.

वेनेसा हळूच म्हणाली, "मांय, जी आग चुलीत इली, ती पाखराक गावली नाय."

सेलेस्तीनबाय थांबली. शाळा तिसरीत सुटली असली, तरी वजाबाकी त्याआधीच येऊन गेली होती. तिने चहा गाळला, साखर घातली, पदराला हात पुसले आणि मापटं सुनेच्या हातात दिलं.

"घे. पण पंचवीस पाखरां माजी. ती माजाच खातली."

"कित्याक गो मांय?"

"चुलीक. तुजी पाखरां नुसती वाढतत. माजी वाढतत आणि चाय पण करतत."

मग कप कायतानपुढे सरकवून, तो पिईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.