शिंगवाल्या कासवाची कवटी

मी एक जुनी, प्लास्टरची कवटी आहे. तुम्ही पाहिलेल्या कासवांची नव्हे, मित्रांनो. पृथ्वीवरून नामशेष झालेल्या शिंगवाल्या महाकाय कासवाची! ऑस्ट्रेलियाजवळच्या एका बेटावर त्यांची हाडे सापडली. शिंगांमुळे त्यांना डोके कवचात ओढून घेता येत नसे.

माझा जन्म १९८७ साली अंबरनाथ पश्चिमेला झाला. शाळेतल्या शिक्षिका अंजनाबाईंनी मासिकातले मापांसह चित्र आणले आणि हरिचंद्रकाकांच्या हाती दिले. काका पोलादाच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी लाकडी नमुने घडवीत. चित्र पाहून गंगूकाकू हसल्या, "अहो, कासवाला शिंगं? उद्या म्हशीला कवच बसवाल!"

"पुराव्यानिशी निघालीत हाडं, गंगू. थट्टा नाही."

काकांनी आधी सागवानी नमुना कोरला, त्यावरून साचा घेतला आणि मला ओतले. बदलापूरच्या विज्ञान प्रदर्शनात, मूळ मापाच्या प्रतिकृतींच्या स्पर्धेत मी मांडली गेले. पहिला क्रमांक आपलाच, असे साऱ्या शाळेने धरून ठेवले होते.

परीक्षक येण्यापूर्वी काकांनी सहज टेप लावला. शिंगांच्या टोकांमधले अंतर पन्नास सेंटीमीटर हवे होते; भरले एक्कावन्न. काकांनी पुन्हा मोजले; पुन्हा तेवढेच.

वितळलेले पोलाद थिजताना शेकडा दोन आकसते, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी तेवढीच मोठी आखलेली असते. तीस वर्षांच्या सवयीने काकांनी तीच पट्टी उचलली होती. प्लास्टर थोडेच तसे आकसते?

"एवढंसं कोण मोजतंय, काका?" अंजनाबाई कुजबुजल्या.

"मी मोजलंय ना, बाई."

त्यांनी माझ्यापुढच्या पाटीवरचे 'मूळ मापाची' हे शब्द खोडले आणि लिहिले: 'मूळ मापापेक्षा शेकडा दोन मोठी. चूक माझी. – हरिचंद्र.'

परीक्षकांनी पाटी वाचली, टेप लावला आणि मला स्पर्धेतून बाद केले. मग तेच म्हणाले, "हरिचंद्रराव, ही पट्टीची भानगड मुलांना समजावून सांगा ना." पहिल्या क्रमांकाचे टेबल ओस पडले, मित्रांनो! सारी मुले माझ्याभोवती जमली. त्या दिवसाइतकी ताठ मी कधीच बसले नव्हते.

आता मी शाळेच्या कपाटात असते. डाव्या शिंगाचा टवका उडाला आहे. तो बुजवलात तर आनंदच आहे. माझ्यावरची धूळही अधूनमधून पुसा. मात्र पाटीवरची शाई फिकी झाली आहे; ती गिरवाल तेव्हा खोडलेले शब्दही खोडलेलेच गिरवा.