फ्लेक्सवरचं संशोधन

टिटवाळ्यात नयनशेठच्या नव्या टॉवरसमोर भलामोठा फ्लेक्स लागला आणि तो वाचून चित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'स्वतंत्र संशोधनातून सिद्ध! टिटवाळ्याची हवा कल्याणपेक्षा स्वच्छ!' आता हे संशोधन चित्राचंच. कल्याणच्या कॉलेजात शिकवता शिकवता, लोकांच्या गच्च्यांवर हवा मोजायची यंत्रं चढवून तिने ते केलेलं. पण तिचं वाक्य होतं, हवा स्वच्छ ती पावसाळ्यात. थंडीत वीटभट्ट्या पेटल्या की कल्याणहून वाईट. शेठच्या माणसांनी पावसाळाही गिळला नि भट्ट्याही.

एरवी चार शिव्या हासडून ती गप्प बसली असती. पण कोपरीची शेवंतीमावशी, दम्याने बेजार, चाळीतली खोली विकून याच टॉवरमध्ये फ्लॅट घ्यायला निघाली होती. का, तर आपल्या चित्रानेच शोध लावलाय! चित्राने फोनवर घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. मावशी ऐकेल तर शपथ. एवढं मोठं छापलेलं खोटं कसं असेल, म्हणाली, आणि असलं तर तिथे बदलून दाखव.

मग काय, चित्रा तणतणत शेठच्या ऑफिसात. नयनशेठ तसा दिलदार माणूस, बापाच्या भातशेतीवर टॉवर उभे करत आलेला. आपल्याकडे फ्लेक्सवरून कोणी भांडायला आलं की कारण एकच असतं, फोटो एकतर राहिलेला असतो किंवा लहान आलेला असतो. त्यामुळे त्याने आधी थंडा मागवला. चित्रा तावातावाने सांगत होती की माझं काम खुशाल वापरा, पण वाक्य पूर्ण द्या, नाव द्या, मूळ अहवाल कुठे मिळतो तेही द्या. शेठने जीभ चावली.

"चुकलं मॅडम. तुमचं नावच नाय टाकलं. उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स दुप्पट झालेला. वाक्य मात्र खरोखर पूर्ण! पावसाळा, थंडी, वीटभट्ट्या, एक अक्षर गाळलेलं नाही. खाली नाव, कॉलेज, अहवालाचा पत्ता. संदर्भ कसा द्यावा ते वर्गात नेऊन दाखवावं इतकं चोख. फक्त शेजारी, कॉलेजच्या वेबसाइटवरून उचललेला चित्राचा हसरा फोटो, पुढाऱ्यांच्या रांगेत सगळ्यांत मोठा, आणि खाली 'शुभेच्छुक: नयनशेठ व मित्रपरिवार'.

तेवढ्यात बुकिंग ऑफिसातून पेढ्यांचा बॉक्स घेऊन मावशी बाहेर आली. सही करून मोकळी. चित्राने मावशीला हाताला धरून फ्लेक्ससमोर उभं केलं आणि वाक्य शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावलं. मावशीने वाचलं. भट्ट्यांपाशी खोकल्याची उबळ आली, तरी थांबून पूर्ण वाचलं. मग चित्राच्या हातावर पेढा ठेवला.

"वाचलं गं सगळं. पण एवढं वाईट असतं तर तू तिथे हसत उभी राहिली असतीस का?"