विकायची नाही

दिवे घाट उतरताना दीक्षाच्या बाइकचा पुढचा ब्रेक ऐन वळणावर गेला. लिव्हर दाबली तर ती थेट मुठीला टेकली. गिअर खाली पाडत, मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवून तिने कशीबशी बाइक कडेला घेतली. तिला खरचटलंही नाही, पण वाघोलीला घरी कळल्यावर वडिलांनी, पोपटरावांनी, निकालच देऊन टाकला. "बाइक विकायची. खराडीला तुझ्या कंपनीची बस जाते."

दीक्षाने बाइक शोरूमला नेली, पण तिथल्या मॅनेजरने ब्रेक तपासलाही नाही. "लेडीजच्या हाताला जोर कमी पडतो, मॅडम. स्कूटर बघा."

दीक्षाने घरी येऊन स्वतःच तपासलं. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं, घाटात तापून त्यात बुडबुडे झाले असणार. ते ऑइल चाकापाशी नेणारी रबरी नळीही मऊ झाली होती. लिव्हर दाबली की नळी फुगायची, आणि चाकापर्यंत पोचायचा दाब वाटेतच वाया जायचा. तिने स्टीलच्या तारांनी विणलेली नळी मागवली. आत टेफ्लॉन, वरून तारांची घट्ट वीण. फुगायला जागाच नाही.

रविवारी पार्किंगमध्ये तिने नळी बसवली, नवं ऑइल भरलं आणि त्यातली हवा काढून टाकली. हात पुसत असतानाच पोपटराव समोरच्या बिल्डिंगमधल्या हिंमतरावांना घेऊन आले.

"मुलासाठी बाइक बघायला आलेत," तिच्याकडे न बघताच ते म्हणाले.

हिंमतरावांनी लिव्हर दाबली. ती जराशी हलली आणि घट्ट थांबली. "ब्रेक तर उत्तम आहे की. घेऊन टाकतो."

"बाइक माझ्या नावावर आहे, काका. विकायची नाही."

"अगं, मुलींना कशाला असल्या गाड्या?" हिंमतराव म्हणाले.

"ब्रेक गेलेली बाइक तुमच्या मुलाने कधी घाटात थांबवलीय?"

"दीक्षा, मोठ्यांशी असं बोलतात?" पोपटराव म्हणाले.

"बाबा, त्या दिवशी मी घाबरले होते. म्हणून ब्रेक बदलला. बाइक का सोडू?"

पोपटरावांनी खाली वाकून नळीचे जोड बोटाने चाचपले. बोट कोरडं निघालं, ऑइल कुठेच गळत नव्हतं. तोवर दीक्षाने हेल्मेट चढवलं होतं. गेटपाशी तिने दोनदा ब्रेक मारून पाहिला आणि बाइक नगर रोडच्या दिशेने काढली.

"चला हिंमतराव, वर चहा घेऊ," पोपटराव म्हणाले. "बाइकचं मात्र जमायचं नाही."