ट्रॅक्टरचं तीर्थ

दादासाहेबांच्या अंगणाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. बावडा गावातून माणसं आली होती, नदीकाठच्या वस्त्यांवरून आली होती, आणि सगळ्यांच्या माना वाकल्या होत्या त्या एका ट्रॅक्टरपुढं. बॉनेट उघडं होतं. पंख्यामागं, पाण्याच्या पंपाच्या पोटाशी, करंगळीही जाणार नाही एवढं भोक होतं. त्यातून लालचुटूक थेंब खालच्या ताम्हणात पडला, की बायका "आई गं!" म्हणून हात जोडत.

"मालक, इंजिन चालू करा!" भीमा देवरुषी ओरडला. "आईला नाद लागतो. नाद न्हाय तर पान्हा न्हाय!"

दादासाहेबांनी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर धडधडला, धूर झाला, आणि थेंब भराभर पडू लागले.

"बघा, बघा! खंडेनवमीला मालकांनी इंजिनाला कुकू लावलं. आईनं ते पोटात घेतलं, आन आता तीर्थ करून देती. लोखंडाला पाझर फुटलाय, मंडळी! पुण्याचे इंजिनेर बोलवा. म्हनावं, फोडा असा पाझर!"

"आन गोड लागतंय की रं," जिभेवर थेंब घेतलेला एक म्हातारा म्हणाला.

"गोडच लागंल, तात्या. आईचं दूध कडू असतंय व्हय?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून उत्कर्षा हे तीन दिवस बघत होती. दादासाहेबांची ही सून शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या वडिलांचं भिगवणला हायवेवर गॅरेज होतं. गाडी आली की वडील इंजिनाचा आवाज ऐकायच्या आधी पंपाखालचं ते भोक बघत. तिथं पाणी दिसलं तर आतलं सील गेलं, तेल किंवा ग्रीस दिसलं तर बेअरिंग निकामी होत चाललं. ते भोक पंप बनवणाऱ्यानंच ठेवलेलं असतं, हे तिला पाढ्यांच्या आधी समजलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी तिनं सासऱ्यांना ताट वाढता वाढता सांगितलं होतं, "आबा, पंपाचं सील गेलंय. ते कूलंट आहे, इंजिन थंड ठेवायचं रसायन."

"मी तीस वरसं ट्रॅक्टर चालवतोय, सूनबाई. रेडिएटरात आपण बोअरचं पाणी घालतो. पाण्याला रंग न्हाय. मग लाल कुठनं आलं?"

"गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला दिला होता ना? त्यांनी पाणी काढून कूलंट भरलंय. उरलेला डबा गोठ्यात आहे. आणि आबा, ते विष आहे. गोड लागतं, पण मूत्रपिंडं जातात."

दादासाहेब घास हातात धरून थांबले. अंगणातून त्यांच्या नावाचा जयजयकार ऐकू येत होता. सोसायटीची निवडणूक हरल्यापासून त्यांच्या दारात इतकी माणसं आली नव्हती.

"थेंबभर तर घेत्यात. थेंबानं कोन मरतंय?"

तिनं पुण्याला नवऱ्याला फोन केला. ऋषिराज म्हणाला, "आबांना चार लोकांत खाली बघायला लावू नकोस. होईल आपोआप बंद."

थेंबानं कुणी मरत नाही, हे खरंच होतं. उत्कर्षानं स्वतःची समजूत घातली आणि खिडकी लावून घेतली.

पण सील एकदा गेलं की गळती वाढतच जाते. चौथ्या दिवशी थेंबांची बारीक धार झाली. ती बघून भीमाच्या अंगात उत्साह संचारला. पाठदुखीला पळीभर, लेकरू न होणाऱ्या बाईला दोन पळ्या, असं माप तो सांगू लागला. तेव्हा मात्र उत्कर्षा उठली. पाचव्या दिवशी पहाटे, इंजिन गार असताना, तिनं रेडिएटरचं झाकण उघडलं. कूलंट बरंच खाली गेलं होतं. जेवढं ताम्हणात आलं होतं, तेवढंच इथून गेलं होतं. तिनं कपड्यांना घालायची नीळ बादलीभर पाण्यात कालवली आणि आत ओतली.

दुपारी आरतीला इंजिन सुरू झालं. थोड्या वेळानं ताम्हणात पडलेली धार जांभळी होती.

टाळ्या थांबल्या. भीमानं ताम्हणात डोकावून बघितलं. "आई कोपली! कुनीतरी विटाळ केलाय. कोन बाई शिवली इंजिनाला? खरं सांगा!"

"मी शिवले." उत्कर्षा पायरी उतरून खाली आली. "सकाळी रेडिएटरात नीळ टाकली. वर नीळ घातली, खाली जांभळं आलं. वर जे असतं तेच खाली गळतं. देवी असती तर तिला नीळ कशाला चढली असती?"

"मास्तरीनबाई, देवाची परीक्षा बघताय व्हय?"

"देवाची नाही, भीमाभाऊ, पंपाची. हे तीर्थ नाही, इंजिन थंड ठेवायचं विष आहे. कुणीही पिऊ नका." तिनं ताम्हण उचलून उकिरड्याच्या बाजूला नेलं.

"सून शेवटी गॅरेजवाल्याचीच लेक," कुणीतरी मागून म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. दादासाहेबांनी इंजिन बंद केलं. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून साखरबाई पुढं आली. ती दादासाहेबांच्या मळ्यात खुरपायला यायची. चार वर्षांची नात, छकुली, तिच्याजवळच असायची. पोरीचे आईबाप बारामतीला कंपनीत कामाला होते. छकुली अजून एक शब्द बोलली नव्हती.

"बाई," साखरबाई म्हणाली, "मग सकाळी मी छकुलीला पाजलंय ते काय हाय?"

"किती पाजलं?"

"वाटीभर. काल दुपारी इंजिन गरम होतं तवा वाटी लावून बसले. भीमा महाराज म्हनले, वाचा फुटायची तर पुरी वाटी पायजे. गोड लागलं तिला. गटागटा प्याली."

छकुली ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला धरून उभी होती. हात सोडून दोन पावलं टाकली आणि झुलत खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा कलंडली. दारू प्यालेल्या माणसासारखी.

"वारं आलं!" भीमा ओरडला. "पोरीच्या अंगात आलं! हात लावू नगा!"

बायका खरंच मागं सरल्या. छकुली मातीत ओकली. उत्कर्षानं तिला उचललं, तर भीमा आडवा आला. आजूबाजूला पन्नास माणसं होती. एकही हललं नाही. उत्कर्षाला वाटलं, आपल्याभोवती भिंतीच उभ्या आहेत. तिनं सासऱ्यांकडं बघितलं. "आबा, गाडी."

दादासाहेबांनी गर्दीकडं बघितलं. मग त्यांनी भीमाला खांद्यानं बाजूला सारलं आणि गाडीकडं धावले.

इंदापूरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी बारामतीला पाठवलं. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय पोटात गेलं?" उत्कर्षानं कूलंटचा डबाच पुढं केला. निघताना गोठ्यातून उचललेला. डॉक्टरांनी त्यावरचं नाव वाचलं, परिचारिकेला औषध सांगितलं आणि डायलिसिसची तयारी करायला लावली.

"उशीर झालाय?"

"सकाळीच आणायला हवं होतं. लघवी सुरू झाली तर बरं. दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

दुसऱ्या दिवशीही छकुलीला लघवी झाली नव्हती. बाकावर साखरबाई बसली होती. तिनं उत्कर्षाचा पदर धरला. "बाई, ते भोक तितं ठेवलंच कशाला मेल्यांनी?"

उत्कर्षानं सांगितलं. पंपात एक दांडा फिरतो. त्याच्या एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला बेअरिंग, मधे सील. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यानं ते सील वर्षानुवर्षं घासलं, झिजलं. गळलेलं पाणी बेअरिंगात जाऊ नये, बाहेर पडावं, आणि मालकाला कळावं की आत बिघाड झालाय, म्हणून ते भोक.

"म्हंजी ते सांगत होतं."

"हो. पाच दिवस सांगत होतं."

"आन तुला म्हाईत होतं."

"हो."

"मग अंगनात येऊन पहिल्याच दिवशी का न्हाय वरडलीस?"

उत्कर्षानं सांगितलं होतं, पण घरात, ताट वाढताना, हळू आवाजात. भीमा अंगणात बोलत होता.

आत डायलिसिसचं यंत्र चालू होतं. दादासाहेब काचेशी उभे होते. फोन वाजला. गावाकडचा माणूस होता. आरती कधी, विचारत होता.

"आरती न्हाय," दादासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज मोठा झाला, सगळा व्हरांडा वळून बघू लागला. "नीट ऐक, आन चावडीवर जाऊन सांग. कुटनंबी काय गळलं, तर आधी इचारायचं, हे आलं कुटनं? उत्तर मिळंपतूर तोंडाला लावायचं न्हाय. देवाचं हाय कुनी म्हनला तरी न्हाय. मी म्हनलो तरी न्हाय."