काचेच्या गोळ्यातला प्राण

काचेच्या गोळ्यातली चक्री गरगर फिरू लागली आणि सभागृहातल्या दीडशे शहाण्यासुरत्या माणसांनी एकदम हात जोडले.

"वारा नाही, वीज नाही, स्पर्श नाही!" प्राणगुरू नाकातून गरजले. "फिरतोय तो या भाग्यवंताचा प्राण! आता औषध म्हणजे प्राणाचा अपमान!"

भाग्यवंत, म्हणजे मागच्या रांगेतल्या एका बाईचा धाकटा भाऊ, गोळ्यासमोरच्या खुर्चीत धापा टाकत बसला होता. तीन दिवस त्याने इन्सुलिन टोचलं नव्हतं. घरी समजावून तिचा घसा बसला होता. प्रयोगशाळेच्या उपकरणांच्या कारखान्यात ती वीस वर्षं काच फुंकत होती. असले गोळे तिने डझनांनी केले होते. आधीच्या आजीबाईंच्या वेळी चक्री हललीही नव्हती. "प्राण आटला," असं गुरूंनी सांगताच त्या ढसाढसा रडल्या होत्या. तेव्हा चेल्याने खिडकीचा पडदा लावलेला होता, हे तिने नेमकं टिपलं.

ती तरातरा पुढे गेली.

"ताई, बस ना," भाऊ पुटपुटला. "फिरतेय ना चक्री."

तिने पडदा ओढला. चक्री मंदावली, थांबली.

"अश्रद्धेची छाया पडली!" गुरू किंचाळले.

"छाया पडली खरी. पडद्याची!"

तिने भावाला उठवलं, खुर्चीवर गुरूंची चप्पल ठेवली आणि पडदा उघडला. गोळ्यावर ऊन पडताच चक्री भिरभिरली.

"बघा, चपलेत केवढा प्राण!"

कोणीतरी फिसकन हसलं.

"या गोळ्यातली बरीचशी हवा आम्ही पंपाने काढतो, सगळी नाही," ती म्हणाली. "चक्रीच्या प्रत्येक पात्याची एक बाजू काळी असते, ती उन्हाने जास्त तापते. तिच्यावर आपटलेले हवेचे कण जास्त जोरात उसळतात. कडेवरूनही हवा थंड बाजूकडून गरम बाजूकडे सरकते. त्या दाबाने पातं मागे ढकललं जातं. हवा पूर्ण काढली, तर गुरूंचे पूर्वज आले तरी ते हलायचं नाही!"

"मग माझा प्राण?" आजीबाईंनी भीत भीत विचारलं.

"ठणठणीत आहे, आजी. तुमच्या वेळी पडदा लावला होता, एवढंच. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी पडदा ओढून बघावा."

गुरू एका पायात चप्पल घालून मागच्या दाराने सटकले. ती भावाला घेऊन थेट रुग्णालयात गेली. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला.

"ताई, चक्री फिरली तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं गं."

"वाटणारच," ती म्हणाली. "म्हणून तर रक्त तपासायचं."